बागेतल्या संडासाचं दार

तोमिएबाईंनी चिकटवलेला कागद सकाळी पुन्हा जागेवर नव्हता.

कागदावर फार काही लिहिलेलं नसे. 'दार इथे आहे. ढकला.' आणि खाली एक जाडजूड बाण. पहिल्या वेळी त्यांनी तो साध्या चिकटपट्टीने लावला होता. नंतर पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या आवरणात घातला. या खेपेला तर चारी बाजूंनी रुंद पट्टी मारून तळहाताने घासून घासून बसवला होता. पण काढणारा माणूसही तेवढाच चिकाटीचा होता. लाकडावर डाग नाही, कागदाचा कोपरा फाटलेला नाही. दुपारपर्यंत तोच कागद नीट घडी होऊन तोमिएबाईंच्या घरच्या, म्हणजे कुरामोचींच्या, पत्रपेटीत येऊन पडे. सोबत महापालिकेच्या उद्यान विभागाची चिठ्ठी असे, 'आपल्या आपुलकीबद्दल मनापासून आभार.'

कागदावर नाव नसायचं. पण तोमिएबाईंनी प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धं आयुष्य काढलं होतं आणि त्या दिवशीच्या जेवणाचा फळा त्याच लिहीत. मात्सुकुबो वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या अक्षरात 'आज तळलेली मासळी' वाचत लहानाची मोठी झालेली. उद्यान विभागातला नोनाकाही त्यातलाच. अक्षर ओळखायला त्याला दुसऱ्यांदा बघावंही लागलं नसेल.

"आपुलकी म्हणे!" तोमिएबाई पत्रपेटीशीच उभ्या राहून पुटपुटल्या. "मेल्यांनो, निदान रागवा तरी. म्हणजे मलाही चार शब्द ऐकवता येतील."

रागावणाऱ्याशी भांडता येतं, आभार मानणाऱ्याशी काय भांडणार? तोमिएबाईंचं त्या वर्षी सगळं अडलं होतं ते इथेच.

मात्सुकुबो बागेतला नवा संडास दिसायला सुंदर होता, यात वाद नाही. पांढुरक्या लाकडाच्या उभ्या पट्ट्यांची गोल इमारत, मधोमध उघड्या अंगणात एक कोवळा मेपल. दुरून पाहिलं तर कुणी मोठी वेताची टोपली बागेत विसरून गेलंय असं वाटावं. आत सहा खोल्या. प्रत्येक खोलीचं दार त्याच पट्ट्यांचं, त्याच रंगाचं, बाहेरच्या भिंतीशी एकजीव झालेलं. कडी नाही, मूठ नाही, चित्र नाही. नेमक्या ठिकाणी तळवा टेकून ढकललं की दार हलकेच आत जाई. दुसऱ्या ठिकाणी ढकललं तर ती भिंत. लांबलांबच्या शहरांतून लोक फोटो काढायला येत. मासिकांतून त्याची चित्रं छापून आली. एक मोठं बक्षीसही मिळालं.

त्याआधीचा संडास कुणाच्या फोटोत येण्यासारखा नव्हता. निळ्या फरशीचा, ओलसर, दिव्याभोवती चिलटं. आत जाताना माणूस श्वास धरून जाई. पण त्याच्या भिंतीवर निळा पुरुष आणि तांबडी बाई अशी हातभर चित्रं होती आणि ती बागेच्या कुठल्याही टोकावरून दिसत.

तोमिएबाईंचे यजमान सेइजिरो यांना ती टोकावरून दिसणं गरजेचं होतं.

सेइजिरो शहराच्या ट्रामचे चालक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण चालकाची सवय अंगातून गेली नव्हती. ट्रामवाले प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून ती मोठ्याने म्हणतात. 'सिग्नल हिरवा!' 'दारं बंद!' 'मार्ग मोकळा!' डोळा चुकला तरी बोट चुकत नाही, असं त्यांना शिकवलेलं असतं. सेइजिरो घरातही तसंच करत. बाहेर पडताना शेगडीकडे बोट, 'गॅस बंद!' खिडकीकडे बोट, 'कडी लागली!' तोमिएबाई चिडवायच्या, "आणि बायको? ती राहिली की घरात." मग ते त्यांच्याकडेही बोट दाखवत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत, "आजी, जागेवर!" नातू झाल्यापासून दोघं एकमेकांना आजी-आजोबाच म्हणत.

रोज सकाळी बागेत रेडिओवरचा व्यायाम असे. रेडिओतून पियानो वाजायचा आणि वस्तीतले म्हातारे-म्हाताऱ्या ओळीत उभे राहून हात वर, हात खाली करायचे. सेइजिरो वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष, म्हणून रेडिओ तेच आणत. व्यायाम झाला की बाकावर गप्पा, मग लाकडी चेंडूंचा खेळ. दुपारच्या जेवणाशिवाय घरी येत नसत. वयाबरोबर त्यांना लघवीची घाई होऊ लागली होती. आली की आली, थांबायला सवड नसे. ट्राम चालवताना ज्या माणसाने कधी फेरी मध्येच सोडली नाही, त्याला हे फार लागायचं. पण बागेत निळ्या फरशीचा संडास होता. दर थोड्या वेळाने एक फेरी मारून यायचं, बस. याविषयी नवरा-बायकोत चकार शब्द झालेला नव्हता. तोमिएबाई फक्त त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हातरुमालाची जादा घडी ठेवत.

नव्या इमारतीविषयीची सभा वस्तीच्या सभागृहात झाली तेव्हा सगळेच हजर होते. वास्तुकार आसाबुकी स्वतः आल्या; मानाने सगळे त्यांना 'सेन्सेई' म्हणत. पस्तिशीच्या, काळ्या साध्या कपड्यांतल्या, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित वाकणाऱ्या. येताना त्यांनी वस्तीसाठी मांजूंचा, म्हणजे गोड पुरण भरलेल्या वाफवलेल्या गोळ्यांचा, मोठा डबा आणला होता. टेबलावर इमारतीची छोटी प्रतिकृती ठेवली, तिच्यात मेपलच्या जागी शेवाळाची एक काडी खोचलेली. बायकांनी तोंडावर हात ठेवून कौतुकाचा उद्गार काढला.

"कुणाला काही विचारायचं असेल तर संकोच करू नका," सेन्सेई म्हणाल्या.

सभागृह शांत झालं. खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता. दार कुठाय? पण प्रत्येकाला वाटलं की इतरांना दिसलं असणार, आपल्यालाच दिसत नाही. शिवाय इतक्या लांबून आलेल्या बाईंना, त्यांचेच मांजू खाता खाता असं विचारायचं म्हणजे 'तुमचं काम आम्हाला कळण्यासारखं झालेलं नाही' असं तोंडावर सांगण्यासारखं. शांतता लांबली. अशा वेळी ती मोडणं अध्यक्षाचं काम असतं. सेइजिरो उठले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "अतिशय सुंदर आहे. आमच्या वस्तीचं भाग्य. आपले आभार कसे मानावेत कळत नाही."

सुटका झाल्यासारखं वाटून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मागे चहा ओतत उभ्या असलेल्या तोमिएबाईंनीही वाजवल्या. त्यांच्या मनात आलं होतं, बांधतील तेव्हा दार लावतीलच की, दार न लावता कुणी संडास बांधतं का!

शरद ऋतूत इमारत खुली झाली. आणि त्याच आठवड्यात ते घडलं.

व्यायाम संपला होता. सेइजिरो बाकावरून उठले आणि नेहमीच्या चालीने संडासाकडे गेले. लोक गप्पा मारत होते, कुणाचं विशेष लक्ष नव्हतं. ते त्या गोल भिंतीसमोर उभे राहिले. सवयीने उजवा हात वर आला, बोट पुढे झालं. बोट तसंच राहिलं. दाखवायला काही नव्हतं. पट्टीशेजारी पट्टी, पट्टीशेजारी पट्टी. त्यांनी एका जागी ढकललं, ती भिंत निघाली. चार पावलं सरकून पुन्हा ढकललं. मग भिंतीला हात लावत लावत ते इमारतीला वळसा घालू लागले, जरा भरभर, मग अगदी भरभर. आणि मग पलीकडच्या बाजूला थांबले. पुन्हा कुणाला दिसले ते बागेच्या फाटकाकडे चालत जाताना. अंगरखा काढून त्यांनी पुढे धरला होता.

हे तोमिएबाईंना त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. त्या बाजारात होत्या. परत आल्या तर परसात दोरीवर पँट वाळत घातलेली, उलटी, पाय वर करून. लग्न झाल्यापासून सेइजिरोंनी कपडे धुण्याच्या यंत्राला हात लावला नव्हता. साबण इतका घातला होता की पँट ताठ झाली होती. तोमिएबाईंनी ती गुपचूप पुन्हा धुतली आणि पुन्हा तशीच, उलटी, वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी सेइजिरो म्हणाले, "गुडघा दुखतोय. आज जात नाही."

गुडघा त्यानंतर दुखतच राहिला. रेडिओ त्यांनी दुसऱ्याकडे पोचवला. हिवाळा लागताच अध्यक्षपदही सोडलं. दिवसभर कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी आणि वर दुलई असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबेत पाय घालून बसायचं, टेबलावरची संत्री सोलायची आणि टीव्हीवरचे सुमोचे जुने सामने पुन्हा पुन्हा बघायचे. पायांत चालण्याची ताकद होती ती हळूहळू जाऊ लागली. आधी जिन्यावर दम लागत नसे, तो लागू लागला. कोतात्सुतून उठताना टेबलाला हात टेकवावा लागू लागला. बोलणं कमी झालं. बोट दाखवणं तर बंदच झालं. बाहेरच पडायचं नाही तर गॅसकडे बोट कशाला दाखवायचं?

तोमिएबाईंना भीती वाटत होती ती याचीच. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या त्यांच्या दोन मैत्रिणींचे यजमान असेच आधी बागेत जायचे थांबले, मग कोतात्सुत बसले, आणि मग कोतात्सुतूनही उठले नाहीत. म्हणून त्यांनी कागद आणि जाड पेन घेतलं होतं.

आता हा घडी होऊन परत आलेला कागद खिशात घालून त्या सरळ महापालिकेत गेल्या.

नोनाका खुर्चीतून उठून उभा राहिला. शाळेत हा पोरगा गाजराचे तुकडे वाटीत लपवायचा, हे तोमिएबाईंना आठवलं.

"कुरामोची-सान, तुम्ही एवढ्या थंडीत आलात! खरं म्हणजे मीच यायला हवं होतं."

"नोनाका-सान, त्या संडासाला एक पाटी लावा. एवढंच."

"आपली सूचना फार मोलाची आहे."

"म्हणजे लावणार?"

"ती आम्ही नक्कीच विचारात घेऊ." त्याने डोकं जरा तिरकं केलं आणि दातांतून हवा आत ओढली. त्या आवाजाचा अर्थ 'नाही' असा होतो, हे तोमिएबाईंना चांगलं ठाऊक होतं. "अडचण अशी आहे की इमारतीच्या बाहेरच्या बाजूला काहीही लावायचं तर सेन्सेईंची संमती लागते. आणि... एकही तक्रार आलेली नाही हो. आम्ही विचारपूस केली. वस्तीतले सगळे म्हणतात, फार सुंदर."

"पण वापरतं कोण?"

"वापराची नोंद आम्ही ठेवत नाही," नोनाका मनापासून खेद वाटल्यासारखा म्हणाला. मग आवाज खाली आणून, "काही घडलंय का, कुरामोची-सान? घरात कुणाला...?"

तोमिएबाईंच्या जिभेवर आलं होतं. पण ते शब्द बाहेर पडले की मग ते सेइजिरोंचे राहिले नसते, अख्ख्या महापालिकेचे झाले असते.

"छे. पाहुण्यांची गैरसोय होते, म्हणून," त्या म्हणाल्या.

घरी येताना त्या हिराइवाबाईंच्या केशकर्तनालयात शिरल्या. हिराइवाबाई त्यांच्या लहानपणच्या मैत्रीण, तोंडाच्या फटकळ. गिऱ्हाईक नव्हतं.

"तू कधी गेलीस का गं त्या नव्या संडासात?" तोमिएबाईंनी आत शिरता शिरताच विचारलं.

"मी? सुंदर आहे की."

"सुंदर आहे ते सोड. गेलीस का?"

हिराइवाबाईंनी कात्री पुसली, पुन्हा पुसली. मग त्यांनी आरशाखालचा खण ओढला. खण च्युइंगमच्या पाकिटांनी गच्च भरला होता. पुदिना, लिंबू, द्राक्ष.

"हे काय? तुला तर कवळी आहे!"

"कोपऱ्यावरचं दुकान," हिराइवाबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या. "त्यांच्या संडासात जायचं तर काहीतरी घेतल्याशिवाय बाहेर कसं पडणार? तोंड दाखवायला जागा हवी ना. च्युइंगम सगळ्यात छोटं असतं. त्या तोराता-सानकडे तर मोज्यांचे जोड साठलेत. बिचारीला सारखं जावं लागतं."

"म्हणजे तू पण! तोराता-सान पण! मग नोनाकाने विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलू? त्याने विचारलं, 'कसं वाटतं?' मी म्हटलं, 'सुंदर.' सुंदरच आहे ना ते?"

"उद्या चल माझ्याबरोबर. तू बोल, मी बोलते, तोराता-सान बोलेल..."

"अगं, तुझ्या यजमानांनी उभं राहून आभार मानलेत वस्तीच्या वतीने. आणि आता आपण जाऊन सांगायचं, दार सापडत नाही? त्यांना कसं वाटेल?"

तोमिएबाई खुर्चीत बसल्या. आरशात त्यांना आपलाच लाल झालेला चेहरा दिसला. त्यांना कसं वाटेल! सगळी वस्ती त्यांच्या नवऱ्याची अब्रू राखायला तोंड मिटून बसली होती, आणि ती अब्रू घरात कोतात्सुत बसून संत्री सोलत होती.

"सगळेच्या सगळे मूर्ख आहात," त्या म्हणाल्या.

"आहोतच," हिराइवाबाई म्हणाल्या. "च्युइंगम घेतेस?"

त्यानंतर काही दिवसांनी आसाबुकी सेन्सेई स्वतः बागेत आल्या. नोनाकाने त्यांच्या कानावर घातलं असावं. त्यांनी तोमिएबाईंना बोलावून घेतलं, पुन्हा मांजूंचा डबा दिला, आणि सगळं नीट ऐकून घेतलं. बाई खरोखर चांगल्या होत्या. तिरसट असत्या तर किती बरं झालं असतं, असं तोमिएबाईंना वाटून गेलं.

"मला ती भिंत जंगलासारखी हवी होती," सेन्सेई लाकडावर हात फिरवत म्हणाल्या. "माणूस जवळ येतो, क्षणभर थांबतो, हाताने चाचपतो. शहरात आपण कुठे थांबतो? तो एक क्षण मला लोकांना द्यायचा होता."

"हो, खरंच," तोमिएबाई म्हणाल्या आणि वाकल्या.

खरं उत्तर त्यांना सुचलं ते घराच्या चढावर, मांजूंचा डबा काखेत घेऊन चालताना. अहो बाई, ज्याला घाई आहे त्याच्याकडे क्षण नसतो! त्या रस्त्यातच थांबल्या. मागे वळावं का? सेन्सेईंची गाडी खालच्या वळणावर दिसेनाशी होत होती. हे वाक्य तिथेच तोंडात का आलं नाही? तोंडातून निघालं ते 'हो, खरंच'. नवऱ्याला नावं ठेवत होत्या, आणि स्वतः तेच करून आल्या.

पुढच्या आठवड्यात चिठ्ठी आली. 'आपल्या सूचनेचा आदर करून सेन्सेईंनी प्रत्येक दारावर खूण बसवली आहे.' तोमिएबाई धावतच बागेत गेल्या. चष्मा लावला, चष्मा पुसला, गुडघ्यांवर बसल्या. खूण होती. कमरेएवढ्या उंचीवर पितळेचा एक ठिपका, करंगळीच्या नखाएवढा, लाकडात इतका सफाईने बसवलेला की बोट फिरवलं तरी लागू नये. अतिशय सुंदर होता.

त्या दिवशी त्यांनी पुन्हा कागद चिकटवला. आणि तो परत आला तेव्हा पत्रपेटी उघडायला नेमके सेइजिरो गेले होते.

ते कागद हातात धरून आत आले. "हे काय आहे?"

"दिसतंय ना काय आहे ते."

"तुझं अक्षर."

"माझंच. दुसऱ्या कुणाचं असणार?"

"अगं, पण मी स्वतः उभं राहून आभार मानले होते. सगळ्यांसमोर. आणि माझीच बायको जाऊन तिथे कागद डकवते? त्या बाईंना काय वाटेल? लोक काय म्हणतील, अध्यक्षाच्या घरात दोन तोंडं?"

"अध्यक्षपद तुम्ही सोडलंत आजोबा."

"शब्द सुटत नाही पद सोडल्याने."

"शब्द, शब्द! त्या शब्दापायी..." तोमिएबाई थांबल्या. पुढचा शब्द पँटचा होता. तो त्यांनी गिळला. किटलीकडे वळून उगाचच चहा गाळत बसल्या, आधीच गाळलेला.  एवढा राग, आणि तो ठेवायला घरात जागा नाही.

सेइजिरो कागदाची घडी घालत होते, अगदी बारीक, नोनाकापेक्षाही बारीक. घडी पक्की दाबून म्हणाले, "गुडघ्याचं म्हणशील तर थंडी ओसरली की बरा होईल."

"हो," तोमिएबाई म्हणाल्या. "गुडघाच आहे, बरा होईल."

रात्री अंथरुणात त्या छताकडे बघत पडल्या. कागद लावायचा नाही. पाटी लावायची नाही. तक्रार करायची नाही, कारण करायची तर कारण सांगावं लागतं. मग उरलं काय?

सकाळी शेजारच्या घरातून आलेली झाडलोटीची पाटी त्यांच्या दाराला अडकवलेली सापडली. बागेच्या साफसफाईची पाळी घराघरांतून फिरते. लाकडाची जुनी पाटी असते, दोरी ओवलेली. ज्याच्या दाराला ती, त्याने आठवडाभर सकाळी बाग झाडायची आणि मग पाटी पुढच्या दाराला अडकवायची. तोमिएबाई पाटीकडे बघत उभ्या राहिल्या. भिंतीवर कागद चालत नाही. पण बागेत झाडू घेतलेली बाई कुठेही उभी राहू शकते. तिला काढून घडी घालून पत्रपेटीत कुणी टाकू शकत नाही.

मिसो सूप वाढताना त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "या आठवड्यात बागेची पाळी माझी. व्यायामाच्या वेळी मी संडासाशी असते. अगदी दारासमोर. तिथे पानं फार पडतात."

सेइजिरोंनी सूपाची वाटी तोंडाला लावली. वाटीआडून काही दिसलं नाही.

तिथे पानं पडत नव्हती. मेपल आत होता आणि तोही हिवाळ्याने रिकामा. तोमिएबाई रोज पहाटे मफलर गुंडाळून त्या भिंतीसमोर उभ्या राहत आणि तोच कोरडा तुकडा पुन्हा पुन्हा झाडत. पियानो वाजे, मंडळी हात वर करत, सेइजिरो येत नसत. हात गारठत. झाडूच्या प्रत्येक फटकाऱ्याला त्या मनात एकेकाला ऐकवत. हा नोनाकाला, हा सेन्सेईंना, हा च्युइंगमवालीला, हा त्या म्हाताऱ्या हट्टी ट्रामवाल्याला, आणि हा मला, माझ्या 'हो, खरंच'ला.

आठवडा संपला. पाटी पुढच्या दाराला अडकवायची होती. त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. कुणी विचारायला आलं नाही. असं विचारणं बरं दिसत नाही, आणि झाडायची वेळ टळल्याचं दुःखही कुणाला होत नाही. फक्त एका सकाळी हिराइवाबाई व्यायाम सोडून लगबगीने आल्या, "सरक," म्हणाल्या, आणि त्यांच्या मागचं दार ढकलून आत गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आत छान आहे गं." दुसऱ्या दिवशी तोराता-सान आल्या. मग आणखी दोघं. तोमिएबाई ज्यांच्यासाठी उभ्या होत्या ते सोडून सगळी वस्ती येऊन गेली. त्या आणखीच चिडल्या.

आणि एका सकाळी, पियानो अर्धा झाला असताना, फाटकापाशी सेइजिरो दिसले. व्यायामाच्या रांगेत ते शेवटी उभे राहिले, दोन-तीनदा हात वर केले, मग बाकावर टेकले. कुणी 'इतक्या दिवसांनी?' म्हटलं नाही. जरा सरकून जागा तेवढी दिली. तोमिएबाई झाडत राहिल्या. बघत नाही असं दाखवत बघत राहिल्या.

त्याच वेळी मागून आवाज आला. "माफ करा हां आजी."

एक तरुण फोटोवाला होता, गळ्यात मोठा कॅमेरा, तिपाई आधीच रोवलेली. टोकियोहून आलेला दिसत होता. "फार लवकर त्रास देतोय. उजेड आत्ताच काय तो चांगला आहे. आपण जरा पलीकडे झाडाल का? पट्ट्यांची ओळ तुमच्यामुळे तुटतेय. अगदी थोडा वेळ."

बाकावरून सेइजिरो उठले. संडासाच्या दिशेने निघाले, नेहमीपेक्षा भरभर. त्यांची नजर त्या गोल भिंतीवर नव्हती. झाडूवर होती.

"नाही," तोमिएबाई म्हणाल्या.

फोटोवाल्याला वाटलं, म्हातारीला नीट ऐकू आलं नाही. त्याने वाकून, आवाज चढवून पुन्हा सगळं सांगितलं. मासिकासाठी आहे, दोनच मिनिटं, मग तुम्ही परत इथेच.

"ऐकलं मी. नाही. सरकणार नाही."

त्यांनी माफी मागितली नाही, मान तिरकी केली नाही, अडचण सांगितली नाही. असं उत्तर त्या मुलाला त्याच्या आयुष्यात क्वचितच मिळालं असेल. तोमिएबाईंना तर असं कधी देता आलं नव्हतं. शब्द तोंडातून गेला आणि त्यांचेच कान गरम झाले. मुलगा गोंधळून कॅमेऱ्याकडे बघू लागला.

सेइजिरो आले. बायकोकडे न बघता तिच्या अंगाला घासून मागे गेले, दार हलकेच आत गेलं आणि बंद झालं. पायथ्याशी, आत कुणी असल्याचा, लहानसा पिवळा दिवा लागला.

तोमिएबाई झाडू उभा धरून फोटोवाल्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तो थोडा वेळ थांबला, मग तिपाई उचलून इमारतीच्या दुसऱ्या बाजूला गेला.

दार उघडलं. सेइजिरो रुमालाला हात पुसत बाहेर आले. "तो पोरगा काय म्हणत होता?"

"काही नाही. उजेडाबद्दल बोलत होता."

"तू फार जोरात बोललीस. बाकापर्यंत ऐकू आलं."

"हो?"

"हो." ते जरा घुटमळले. "खेळ सुरू होतोय. दुपारपर्यंत थांबेन म्हणतो. तू... किती वेळ आहेस इथे?"

तोमिएबाईंनी स्वच्छ, कोरड्या, पानं नसलेल्या जमिनीकडे पाहिलं. बोटं गारठून काठीला चिकटली होती. घरी स्वयंपाक पडला होता. उद्या पुन्हा, परवा पुन्हा, आणि पावसाळ्यात छत्री घेऊन. एका पाटीचं काम, आणि त्यासाठी अख्खी एक बाई! डोक्यात नुसता संताप भरून आला.

"दुपारपर्यंत," त्या म्हणाल्या. "जा, नाहीतर तुमचा चेंडू दुसराच कुणी मारेल."

आणि त्यांनी पुन्हा झाडायला सुरुवात केली.